आजीची गोधडी, जपानचा 'बोरो' आणि आपलं गॅदरिंग

गॅदरिंगची तारीख लागली की तुमच्याही फोनमधलं 'सेव्ह्ड' फोल्डर फुगायला लागतं ना? सोलच्या फॅशन वीकबाहेर उभी असलेली पोरं, टोकियोच्या हाराजुकूतल्या रंगीबेरंगी मुली, कुठल्या तरी के-ड्रामातल्या हिरोचा गुडघ्याखाली येणारा कोट. तो कोट वर्ध्यात दुपारी दोन वाजता, आर्वी नाक्यावर उभं राहून घालून दाखवा, मग बोलू. पण ते जाऊ द्या. मीही त्यातलीच.

मागच्या हिवाळ्यात मी ऑनलाइन 'कोरियन बॅगी पँट' मागवली. पार्सल आलं तेव्हा आमच्या पुढच्या खोलीत छताला टेकेल इतका कापूस भरलेला होता. भाव चढेल या आशेवर कापूस घरातच ठेवायचा आणि मग सगळ्या घरानं अंग खाजवत बसायचं, हे या जिल्ह्यातल्या पोरांना सांगायची गरज नाही. त्याच कापसाला टेकून मी पँटच्या आतली पट्टी वाचली : 100 टक्के पॉलिएस्टर. बाबांनी पँट हातात घेतली, बोटात चुरगाळून पाहिली आणि एवढंच विचारलं, "यात आपला काय हाय?"

काहीच नव्हतं. लांबीसुद्धा आपली नव्हती, ती टेलरकडून कमी करून घ्यावी लागली.

खरा घोळ त्यानंतर झाला. आमच्या ग्रुपनं गॅदरिंगच्या फॅशन शोसाठी थीम ठरवली, 'टोकियो स्ट्रीट'. मी मास कॉमची, त्यामुळे फोटो आणि रील माझ्याकडे. शोधता शोधता मला 'बोरो' सापडला. ठिगळावर ठिगळ लावलेले निळे, करडे, विटके जपानी कपडे. डिझायनर त्याचे कोट करतात, जॅकेटं करतात. पाहताक्षणी वाटलं, अरे, ही तर आपली गोधडी! आजी भजनाला गेली होती. मी तिची सगळ्यात जुनी गोधडी काढली, मैत्रिणीच्या अंगावर सेफ्टी पिना लावून कोटासारखी बसवली, आणि आम्ही विश्वशांती स्तूपाकडे जाऊन संध्याकाळच्या उन्हात फोटो काढले. पांढऱ्या पार्श्वभूमीवर ती गोधडी इतकी भारी दिसली की काय सांगू. रील टाकलं. चाललं.

दोन दिवसांनी शेजारच्या पोरानं ते आजीला दाखवलं.

"काहून व, माह्या फाटक्या गोधडीचे फोटो गावभर दाखवून राह्यली? लोकायले वाटन, यायच्या घरी पांघराले बी धड नाई."

मी सांगायला गेले की आजी, जपानमध्ये याला कला म्हणतात. ती काही न बोलता गोधडी घडी करून आत घेऊन गेली. त्या रात्री मी बोरोबद्दल जरा नीट वाचलं. आधीच वाचायला हवं होतं.

बोरो या शब्दाचा अर्थच मुळी चिंध्या, लक्तरं. या कपड्यांचा सगळ्यात मोठा साठा जिथून मिळाला तो आओमोरी हा प्रांत जपानच्या मुख्य बेटाच्या पार उत्तर टोकाला आहे. तिथं माणूस बुडेल इतका बर्फ पडतो. कापूस उगवत नाही. शेतकरी हेम्पच्या धाग्याचं जाडंभरडं कापड विणून घालायचे, आणि त्याच्या विणीतून वारा आत शिरायचा. सुती कापड दक्षिणेकडून जहाजानं यायचं, तेही बहुतेक वापरून टाकलेलं. बायका ते तुकडे विकत घ्यायच्या, हेम्पवर ठेवायच्या आणि जवळ जवळ टाके घालून जोडायच्या. टाका कोणता, तर साधा धावदोरा. आज इंटरनेटवर 'साशिको' नावानं ज्याचे क्लास चालतात, त्याच्या मुळाशी हाच टाका आहे. एक ठिगळ झिजलं की त्यावर दुसरं. आईचा कपडा मुलीकडे, तिच्याकडून नातवाकडे. पांघरूण एकच आणि त्याखाली अख्खं कुटुंब.

तानाका चुझाबुरो नावाचा त्याच भागातला एक माणूस गावोगाव फिरून हे कपडे गोळा करत राहिला. बाकीच्यांना ती अडगळ वाटत होती. जपान श्रीमंत होत होता आणि घरातल्या लक्तरांची लोकांना लाज वाटत होती. बोरो म्हणजे आपण किती गरीब होतो याचा पुरावा, तो कोण भिंतीवर टांगणार? तानाकांच्या संग्रहाचं टोकियोतल्या असाकुसा भागात 2009 मध्ये संग्रहालय झालं, ते 2019 पर्यंत चाललं. आता परदेशातले संग्राहक अशा तुकड्यांना मोठ्या किमती देतात.

म्हणजे आमच्या आजीनं जे म्हटलं तेच तिकडच्या आज्याही मनात म्हणत होत्या. मी फक्त शेवटचा, चकचकीत भाग उचलला होता.

इथे एक गोष्ट मला खटकत राहिली. आओमोरीत कापूस उगवत नव्हता, म्हणून चिंधी मोलाची होती. आपल्याकडे तर कापसाशिवाय दुसरं काही बोलायला नाही. हिंगणघाटचा कापूस इंग्रजांच्या काळात मुंबईच्या बाजारात 'हिंगणघाट' याच नावानं ओळखला जायचा. मग इथल्या घरात गोधडी का? उत्तर सोपं आहे. कापूस पिकवणाऱ्याच्या घरात कापड नव्हतं. कापूस बाहेर जायचा आणि कापड विकत यायचं.

कापूस कुठे जायचा त्यात एक पत्ता जपानचाही होता. जमशेदजी टाटांनी 1877 मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, कारण कापूस इथेच जवळ होता. त्याच टाटांनी निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीसोबत 1893 मध्ये मुंबई ते जपान अशी जहाजसेवा उभी केली, मुख्यतः कापसाच्या गाठी नेण्यासाठी. त्याआधी या मार्गावर इंग्रजी कंपनीची मक्तेदारी होती. जपानच्या गिरण्या भारतीय कापसावर वाढल्या. पुढे 1933 मध्ये इंग्रज सरकारनं जपानी कापडावर जकात वाढवली, तेव्हा जपानी गिरण्यांनी भारतीय कापूसच घेणं बंद केलं, आणि करार होईपर्यंत इथल्या शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागला. 'ईस्ट एशियन फॅशन' हा आपल्याला नवीन ट्रेंड वाटतो. आपल्या पणजोबांना तो भाव म्हणून माहीत होता.

बरं, डिझायनर लोकांकडे येऊ.

इस्से मियाके हे नाव तुम्ही ऐकलं नसेल तरी त्यांचा कपडा पाहिला आहे. स्टीव्ह जॉब्सचा तो कायमचा काळा टर्टलनेक त्यांनीच केलेला. मियाके 1938 मध्ये हिरोशिमात जन्मले, अणुबॉम्ब पडला तेव्हा सात वर्षांचे होते, आणि 2022 मध्ये गेले. त्यांचा आयुष्यभराचा एकच ध्यास : एक अख्खा कापडाचा तुकडा आणि एक शरीर, या दोघांमध्ये जी जागा उरते ती. 1998 मध्ये दाई फुजिवारासोबत त्यांनी असं नळीसारखं कापड आणलं, ज्यात कपडे विणतानाच तयार असायचे. गिऱ्हाइकानं फक्त रेषेवरून कात्री चालवायची. जगानं टाळ्या वाजवल्या, आणि वाजवाव्यात अशीच गोष्ट आहे. पण लुगडं नेसणारी माझी आजी कात्रीसुद्धा न लावता तेच करते. एक तुकडा, एक शरीर, वर ओटीत दहा वस्तू.

(एक कबुली. मियाकेंची सगळ्यात जास्त खपलेली, बारीक चुण्यांची 'प्लीट्स प्लीज' ही मालिका पॉलिएस्टरचीच आहे. कपडा आधी दुप्पट-तिप्पट मोठा शिवून मग त्याला चुण्या पाडतात, आणि त्या टिकतात त्या पॉलिएस्टरमुळेच. तेव्हा माझ्या पँटवर मी जरा जास्तच चिडले असेन.)

मियाकेंसोबत वर्षानुवर्षं कापड घडवणाऱ्या माकिको मिनागावा यांनी 2000 मध्ये स्वतःचा ब्रँड काढला. त्याचं नाव 'हाट'. हो, आपल्या बाजारहाटमधलाच हाट. त्यातले बरेच कपडे भारतीय कारागिरांच्या हातून तयार होतात, मुख्यतः अहमदाबादकडे. याच 'हाट'नं 2018 मध्ये टोकियोत एक प्रदर्शन भरवलं, विषय खादी. भारतीय कापडासाठी आयुष्य दिलेले मार्तंड सिंग नुकतेच वारले होते, त्यांच्या कामाला तो मानाचा मुजरा होता. टोकियोतले लोक रांगेत उभं राहून खादीचं कापड बघत होते की नाही ते मला ठाऊक नाही, पण वर्ध्यातली आम्ही पोरं मगन संग्रहालयासमोरून रोज स्कूटीवर जातो आणि आत जात नाही, हे मात्र पक्कं ठाऊक आहे.

तर मी गेले. मगनलाल गांधींच्या नावाचं हे संग्रहालय गांधीजींच्या हस्ते 30 डिसेंबर 1938 ला उघडलं. मियाके आणि हे संग्रहालय एकाच वर्षातले, योगायोग. तुम्ही गेलात तर चरखे बघाच, पण कापडाला हात लावून पाहण्याची परवानगी नक्की मागा. हातानं काढलेल्या सुतात कुठे जाड, कुठे बारीक असा फरक राहतो. उजेडासमोर धरलं की तो दिसतो. गिरणीच्या कापडात हा फरक म्हणजे दोष.

आणि गंमत पाहा, 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये जपानच्या रेई कावाकुबोंनी खळबळ उडवली ती अशा 'दोषां'वरच. विणकामाच्या यंत्राचे स्क्रू ढिले करून त्यांनी मुद्दाम भोकं असलेला स्वेटर विणून घेतला होता. काही पाश्चात्त्य समीक्षकांनी त्या काळ्या, फाटक्या कपड्यांना अणुबॉम्बचा संदर्भ देऊन हिणवलं. तो स्वेटर मला फुकट दिला तरी मी घालीन की नाही सांगता येत नाही, पण सरळ, गुळगुळीत, नवंकोरं तेच सुंदर, हे कोणी ठरवलं असं विचारायची हिंमत मला आवडते.

मात्र या सगळ्यांत मला वर्ध्याच्या सगळ्यात जवळची वाटली ती चीनची मा के. नावावर हसू नका. तिचा 1996 पासूनचा ब्रँड चीनमध्ये जोरात चालत होता. पुढे राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी 2013 मध्ये परदेश दौऱ्यात तिच्या डिझाइनचे कपडे घालून गेल्या आणि अख्ख्या चीननं तिचं नाव शोधलं. पण त्याच्या आधीच, 2006 मध्ये, तिनं चालता धंदा बाजूला ठेवून दुसरं काम सुरू केलं होतं. हातमाग, हाताची शिलाई, खेड्यातलं कौशल्य. नाव ठेवलं 'वूयोंग', म्हणजे निरुपयोगी. 2007 मध्ये पॅरिसला नेलेले काही कपडे तिनं आधी मातीत पुरून ठेवले होते. जमिनीनं त्यावर काय करायचं ते करू दे, म्हणून. मॉडेलही चालल्या नाहीत, दिव्यांच्या खोक्यांवर स्तब्ध उभ्या राहिल्या.

जिया झांगके या दिग्दर्शकानं त्यावर 2007 मध्येच माहितीपट केला. नाव तेच, आणि व्हेनिसच्या महोत्सवात त्याला पुरस्कार मिळाला. मला वाटलं होतं फॅशनचा सिनेमा असेल. पण तो सुरू होतो कपड्यांच्या कारखान्यात, जिथे मशीनवर वाकलेल्या मजुरांच्या रांगा आहेत. मग मा के येते. आणि शेवटी कॅमेरा दिग्दर्शकाच्या स्वतःच्या खाणगावात जातो, तिथल्या छोट्या टेलरांच्या दुकानांत. एक माणूस आधी शिंपी होता. कारखान्याच्या स्वस्त कपड्यांपुढे टिकला नाही, आता कोळशाच्या खाणीत उतरतो. हे पाहताना मला माझी पँट आखूड करून देणारे काका आठवले. मी त्यांना विचारलं होतं, ड्रेस किती दिवसांत शिवून द्याल? ते हसले. "बाई, आता शिवाले कोण येते? लांबी कमी करून द्या म्हंतेत, चेन लावून द्या म्हंतेत."

आता फोटोंबद्दल, कारण तुम्ही आणि मी शेवटी फोटोच काढणार.

फॅशनचा फोटो म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर स्टुडिओ, लाइट आणि बारीक मॉडेल येते. टोकियोचे शोइची आओकी यांनी 1997 मध्ये 'फ्रूट्स' नावाचं मासिक काढलं, त्यात यातलं काहीच नव्हतं. हाराजुकूच्या रस्त्यावर दिसलेला मुलगा किंवा मुलगी, डोक्यापासून पायांपर्यंत, सरळ कॅमेऱ्याकडे बघणारी. बस्स. कपडे त्यांचे स्वतःचे : काही जुन्या बाजारातले, काही आईचे, काही घरी शिवलेले. आज तुमच्या सेव्ह्ड फोल्डरमधली निम्मी पोझ तिथून आली आहे. 2017 मध्ये आओकींनी मासिक बंद केलं. फोटो काढावेत अशी भारी पोरंच आता रस्त्यावर दिसत नाहीत, असं कारण त्यांनी दिलं. जरा झोंबतं ना? सगळे एकाच दुकानातलं घालायला लागले की फोटोग्राफरनं काय करायचं.

पण मला फोटोंपेक्षा त्याखालच्या ओळी जास्त आवडल्या. नाव, वय, काय करतो, कोणता कपडा कुठून आणला, फॅशनचा मुद्दा काय, आणि सध्या कशाचं वेड आहे. म्हणजे फोटोतला माणूस नुसता कपडे टांगायचा हँगर उरत नाही.

दुसरे क्योइची त्सुझुकी. एखाद्याच महागड्या ब्रँडसाठी पगार उधळणारी माणसं, आपल्या खुराड्याएवढ्या खोलीत, त्या सगळ्या कपड्यांच्या ढिगाऱ्यात बसलेली, असे फोटो त्यांनी काढले. त्याचं 'हॅपी व्हिक्टिम्स' हे पुस्तक आहे. हसू येतं आणि मग जरा वेळानं आपलं कपाट आठवतं. याच त्सुझुकींनी तानाकांच्या बोरो संग्रहावरच्या पुस्तकाचंही काम केलं. महागडा कोट आणि लक्तरं, दोन्हीकडे बघणारा माणूस एकच. दोन्ही वेळा प्रश्नही एकच : हा कपडा कोणाच्या घरात राहतो?

माझ्या रीलमध्ये ते घर नव्हतं. मैत्रीण होती, स्तूप होता, लो-फाय म्युझिक होतं. गोधडी कोणाची हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी रील काढून टाकलं. काही जण म्हणाले, वेडी आहेस का, इतके व्ह्यूज आले होते. असतील.

मग एका दुपारी आजीला विचारलं, हे कोणाचं आहे? एका करड्या तुकड्यावर बोट ठेवून. तिनं चष्मा मागितला. पुढचा दीड तास मी फक्त लिहीत होते. पांढरा तुकडा आजोबांच्या धोतराचा, ते गेल्यावरचा. खाकी म्हणजे काकांची शाळेची चड्डी, एकाच जागी दोनदा फाटलेली. आईच्या पहिल्या दिवाळीचं पातळ, त्याचा रंग आता ओळखू येत नाही. एक फुलाफुलांचा चौकोन माझ्या फ्रॉकचा आहे, हे मला बावीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. एका कोपऱ्यातले टाके वेडेवाकडे आहेत. ते आत्याचे, ती तेव्हा शिकत होती.

मी फोटोबद्दल पुन्हा विचारलं. तिच्या अटी होत्या. गोधडी धुऊन, उन्हात वाळवून मगच. ती स्वतः चांगलं लुगडं नेसणार. गोधडी अंगावर घेणार नाही, बाजेवर घडी घालून ठेवणार. स्तूपाकडे वगैरे नाही, अंगणातच. आणि नाव टाकायचं नाही, "लोकं उगीच फोन करतेत."

तुमच्या घरातही अशी एखादी असेल. गॅदरिंगला न्यायची असेल तर आधी चष्मा शोधून द्या आणि वही घेऊन बसा. आमच्या फॅशन शोमध्ये गोधडी रॅम्पवर गेली नाही. तिचा फोटो स्टेजच्या बाजूला मोठा करून लावला, खाली 'फ्रूट्स'सारख्या ओळी. माहिती आजीनं तपासून दिली आहे.

कपडा : गोधडी
शिवली कोणी : आजी, वय 76, शेती
किती दिवस लागले : एक उन्हाळा, कापूस विकून झाल्यावर
कापड कुठून आणलं : घरातूनच
फॅशनचा मुद्दा : थंडी वाजत नाही
सध्या कशाचं वेड आहे : "तुह्यं लगन."